सारखं असेल ते सोडा, फरक दाखवा

कुठल्याही तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत सीआरओ, म्हणजे व्होल्टेजची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, चालू करून त्याच्या प्रोबचं टोक नुसतं बोटांत धरा. पडद्यावर लाट उठते. सर्किट जोडलेलं नाही, सिग्नल जनरेटर बंद आहे, तरी सेकंदाला 50 वेळा वरखाली होणारी ही लाट कित्येकदा काही व्होल्टची भरते. पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं, आपल्या अंगात करंट आहे. तो असतो खराच, पण आपला नसतो. भिंतीतली वायरिंग, डोक्यावरचा पंखा, ट्यूबलाइट यांच्या आणि आपल्या मध्ये हवा असली, तरी तार आणि शरीर मिळून एक अगदी छोटा कपॅसिटर तयार होतो, आणि एसी प्रवाह त्यातून झिरपतो. हा प्रवाह मायक्रोअँपिअरच्या आसपास, म्हणजे माणसाला जाणवणारही नाही इतका असतो. सीआरओचा इनपुट मात्र इतका संवेदनशील असतो की त्याला तेवढा पुरतो.

ही लाट बीड जिल्ह्यात कुठून येते, असं विचारलं तर साहजिक उत्तर परळी वैजनाथ. तिथल्या औष्णिक केंद्राचा 30 मेगावॅटचा पहिला संच 1971 साली सुरू झाला, पुढे 210 आणि 250 मेगावॅटचे संच आले. पण वीज काही परळीहून निघून थेट आपल्या घरी येत नाही, ती ग्रिडमध्ये मिसळते. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एका तालात आलं. तेव्हापासून बोटातली ती लाट केजमध्ये आणि केरळात एकाच ठेक्यावर चालते.

आता परळीहून पंचवीसेक किलोमीटरवर अंबाजोगाईला चला. इथलं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 सालचं, ग्रामीण भागासाठी काढलेलं आशियातलं पहिलं म्हणून ओळखलं जाणारं. तिथे रोज ईसीजी निघतात. हृदयाच्या ठोक्याचा जो विद्युत संकेत हातापायांवर लावलेल्या क्लॅम्पपर्यंत पोचतो, तो साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. त्याच हातापायांवर 50 हर्ट्झची लाट त्याच्या कितीतरी पट मोठी बसलेली. मग कागदावर हृदय दिसतं कसं?

पहिलं सुचणारं उत्तर म्हणजे फिल्टर लावून 50 हर्ट्झ गाळून टाकावं. पण ईसीजीला स्वतःलाच साधारण 0.05 ते 150 हर्ट्झपर्यंतचा पट्टा लागतो, आणि 50 नेमकं त्याच्या पोटात येतं. तिथे गाळणी लावली तर हृदयाच्या लाटेतल्या टोकदार भागाचाही थोडा आकार जातो. अडचणीला फिल्टर लावतात, पण तो पहिला उपाय नव्हे. पहिला उपाय वेगळ्याच गोष्टीवर उभा आहे: विजेचा हा आवाज, म्हणजे 50 हर्ट्झची ती लाट, उजव्या हातावर आणि डाव्या हातावर जवळजवळ सारखा असतो, हृदयाचा संकेत मात्र दोन्हीकडे वेगळा. खड्ड्यांच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या मागच्या सीटवर दोन माणसं बसली आहेत असं समजा. रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही डोकी हातहातभर उडताना दिसतात, पण दोघांच्या उंचीतला फरक खड्ड्याने बदलत नाही. त्यातल्या एकाने मान हलवली, तर तेवढी मात्र फरकात दिसते. दोन ठिकाणांचे व्होल्टेज घेऊन त्यांत सारखं असेल ते सोडून देणारा आणि फरक तेवढा वाढवून दाखवणारा जो ॲम्प्लिफायर, तो डिफरन्शियल ॲम्प्लिफायर. आज तो नखाएवढ्या चिपमध्ये मावतो. ट्रान्झिस्टरआधीच्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या काळात तो कसा बनवला, ही गोष्ट मला चिपपेक्षा जास्त रंजक वाटते, कारण तिथे काहीही आपोआप सारखं नव्हतं.

गंमत अशी की ईसीजीच्या जन्माच्या वेळी ही अडचणच नव्हती. नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोव्हेनने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या यंत्रावर हृदयाची लाट टिपली, त्या स्ट्रिंग गॅल्व्हनोमीटरचं वजन पावणेतीनशे किलोंच्या घरात होतं. रुग्णाचे हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवायचे, आणि चुंबकाच्या पोटातली एक अतिशय बारीक तार हलायची. ती तार दोन टोकांच्या मधोमध लटकलेली, जमिनीशी तिचा संबंध नाही. दोन्ही हातांवर सारखं काही आलं तर तिच्यातून प्रवाह वाहण्याचं कारणच नव्हतं. म्हणजे तो अवजड डोलारा मुळातच फरक मोजणारा होता. आइंटहोव्हेनला 1924 चं नोबेल मिळालं. पुढे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आले, यंत्र लहान झालं, पण साध्या ॲम्प्लिफायरचं एक टोक कायम जमिनीला बांधलेलं. तो जमिनीच्या तुलनेत जे काही आहे ते सगळं वाढवतो, विजेच्या आवाजासकट. एक सोय मिळाली आणि एक गुण हातचा गेला.

तो गुण परत आणला मेंदू आणि मज्जातंतूंचा अभ्यास करणाऱ्यांनी, रेडिओवाल्यांनी नव्हे. हान्स बर्गरने 1929 साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युत लाटांचा शोध प्रसिद्ध केला तेव्हा फारसा कुणाचा विश्वास बसला नव्हता. त्या लाटा ईसीजीपेक्षाही बारीक, मिलिव्होल्टचा विसावा हिस्सा वगैरे. केंब्रिजमध्ये एड्गर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी 1934 साली त्या पुन्हा दाखवून दिल्या. त्याच वर्षी मॅथ्यूजने दोन व्हॉल्व्हचे कॅथोड एकत्र जोडलेला, फरक वाढवणारा ॲम्प्लिफायर मांडला. दोन वर्षांनी इंग्लंडमध्येच ॲलन ब्लुमलाइनने या जोडीला तिचं पक्कं रूप दिलं आणि पेटंट घेतलं. हा ब्लुमलाइन म्हणजे स्टिरिओ ध्वनीचाही जनक. जून 1942 मध्ये रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला, तेव्हा त्याचं वय चाळिशीलाही टेकलेलं नव्हतं.

या जोडीला अभियंते लाँग-टेल्ड पेअर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी ती परीक्षेत काढलेली असते, पण शेपटी कशासाठी हे बहुतेक जण पाठ करतात, समजून घेत नाहीत. म्हणून इथे जरा थांबू.

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि प्लेटकडे जातात, मधली ग्रिड त्यांची वाट कमीजास्त उघडते. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेले दोन व्हॉल्व्ह घेतले तरी त्यांचं वागणं सारखं नसतं. ग्रिडच्या तारेत केसाएवढा फरक, कॅथोडवरच्या लेपात फरक, फिलामेंटच्या तापण्यात फरक. वापरात दोघे वेगवेगळ्या वेगाने म्हातारे होतात. अशा दोघांचं उत्तर एकमेकांतून वजा केलं तर सारखं आलेलं सारखं जाणार कसं? उत्तम व्हॉल्व्ह निवडून जोड्या लावणं हा एक मार्ग, पण सहा महिन्यांनी जोडी बिघडते.

शेपटीची युक्ती अशी. दोन्ही कॅथोड एकत्र करा आणि तिथून एकच मोठा रेझिस्टर खाली ऋण व्होल्टेजकडे न्या. समजा ते ऋण 150 व्होल्ट आहे आणि रेझिस्टर 75 किलोओहमचा. त्यातून साधारण दोन मिलिअँपिअर वाहतील, प्रत्येक व्हॉल्व्हच्या वाट्याला एक. आता दोन्ही ग्रिड एकदम एक व्होल्टने वर गेल्या. कॅथोडही त्यांच्यामागून जवळजवळ एक व्होल्ट वर जातात, शेपटीवर 150 ऐवजी 151 व्होल्ट येतात, आणि प्रवाह वाढतो तो दीडशेत एक, म्हणजे एक टक्काही नाही. प्लेटला फारसं काही कळतच नाही. याउलट एकच ग्रिड एक व्होल्टने वर गेली, दुसरी जागेवरच राहिली, तर एका व्हॉल्व्हने जास्त ओढलेला प्रवाह दुसऱ्याच्या वाट्यातून जातो, कारण एकूण दोन मिलिअँपिअरच आहेत. साध्या व्हॉल्व्हमध्येही हा बदल पहिल्यापेक्षा शंभरेक पट मोठा भरतो. दोन प्लेटमधला फरक पुढे नेला की उरलंसुरलं सारखं आणखी कापलं जातं. व्हॉल्व्ह चांगले नाहीत ही तक्रार करण्याऐवजी त्यांच्या एकूण प्रवाहालाच लगाम घातला, एवढीच ती कल्पना. शेपटी जितकी लांब, म्हणजे ऋण व्होल्टेज आणि रेझिस्टर जितके मोठे, तितकं काम चोख. पुढे रेझिस्टरच्या जागी स्थिर प्रवाह देणारा आणखी एक व्हॉल्व्ह बसवून शेपटी हवी तेवढी लांब करता आली.

या कल्पनेचा सगळ्यात देखणा कारखानी अवतार म्हणजे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे प्लग-इन. हॉवर्ड व्होलम आणि जॅक मर्डॉक यांनी 1946 साली काढलेल्या या कंपनीने 1954 मध्ये 530 मालिकेचे ऑसिलोस्कोप बाजारात आणले. पडदा, वीजपुरवठा, वेळेचं मोजमाप हे सगळं मुख्य पेटीत, आणि इनपुटचा ॲम्प्लिफायर एका वेगळ्या डब्यात. हा डबा समोरून आत सरकवायचा आणि स्क्रू फिरवून पक्का करायचा. काम बदललं की डबा बदला, तीस किलोंची पेटी तीच. डब्यांना इंग्रजी अक्षरं दिली होती. टाइप जी हा 20 मेगाहर्ट्झपर्यंतच्या वेगवान संकेतांचा फरक दाखवणारा. टाइप डी हा पडद्यावरच्या एका सेंटिमीटरला एक मिलिव्होल्ट इतका बारीक, शिवाय डीसीही दाखवणारा. आणि टाइप ई सेंटिमीटरला 50 मायक्रोव्होल्ट दाखवणारा. अंबाजोगाईच्या रुग्णाची एक मिलिव्होल्टची लाट त्या पट्टीवर लावली तर ती 20 सेंटिमीटर उंच होऊन पडद्याबाहेर जाईल. टाइप ई मेंदूच्या लाटा आणि मज्जातंतूंचे संदेश बघणाऱ्यांसाठीच होता म्हणायला हरकत नाही.

मुख्य पेटीतून प्रत्येक डब्याला जे व्होल्टेज मिळत, त्यांत एक अगदी स्थिर ठेवलेलं ऋण 150 होतं. म्हणजे लांब शेपटीची सोय आधीच करून ठेवलेली. बाकीची लढाई डब्याच्या आत. फिलामेंट एसीवर तापवलं तर तिथूनच 50 किंवा 60 हर्ट्झ आत शिरणार, म्हणून ते स्थिर डीसीवर. व्हॉल्व्हला टिचकी मारली तर आतली ग्रिड थरथरते आणि पडद्यावर ती थरथर संकेत म्हणून दिसते, म्हणून नाजूक व्हॉल्व्हना हादरा बसू द्यायचा नाही. फिलामेंटचं तापमान जरा हललं की डीसी पातळी सरकते, आणि 50 मायक्रोव्होल्टच्या पट्टीवर ती कुठच्या कुठे पळते. टाइप ई एसी कपलिंगचाच ठेवला होता तो याच कारणाने. माझ्या मते तो डब्यातला सगळ्यात शहाणा निर्णय होता. जे जमणार नाही ते न करणं हेही डिझाइनच.

शेवटचा हात माणसाचा. डब्याच्या आत संतुलनाचे प्रीसेट असत. दोन्ही इनपुट एकत्र जोडायचे, त्यांना एकच संकेत द्यायचा आणि पडद्यावरची लाट सपाट होईपर्यंत स्क्रू ड्रायव्हरने ते हलकेच फिरवत राहायचं. कमी वारंवारतेला रेझिस्टरचं संतुलन पुरतं, जास्त वारंवारतेला ट्रिमर कपॅसिटरचं वेगळं करावं लागतं. एक साधलं की दुसरं जरा हलतं.

या मालिकेतला टाइप झेड मात्र फरकाच्या कल्पनेला भलतीकडेच घेऊन गेला. त्याच्या एका बाजूला आपला संकेत आणि दुसऱ्या बाजूला यंत्रानेच दिलेलं, दहा फेऱ्यांच्या डायलवर नेमकं लावता येणारं डीसी व्होल्टेज, शून्यापासून कुठल्याही दिशेला 100 व्होल्टपर्यंत. मोठ्या संकेतातून माहीत असलेला भाग वजा करायचा आणि उरलेला टवका सेंटिमीटरला 50 मिलिव्होल्टने मोठा करून पाहायचा. हिशेब करा: 100 व्होल्ट त्या पट्टीवर 2000 सेंटिमीटर होतात. हातभर पडद्याचीही ऐपत नसलेल्या यंत्राला वर 20 मीटर आणि खाली 20 मीटर उंचीचा पडदा मिळाला, फक्त त्यातला आपल्याला हवा तेवढा तुकडा एका वेळी दिसायचा.

कोणता ॲम्प्लिफायर किती चोख, हे सांगायला एक आकडा वापरतात, सीएमआरआर म्हणजे कॉमन मोड रिजेक्शन रेशो. तो 1000 असेल तर दोन्हीकडे सारखा आलेला एक व्होल्ट एक मिलिव्होल्ट होऊन आत शिरतो. म्हणजे हृदयाएवढाच, कागद वाया. तो 1,00,000 असेल तर 10 मायक्रोव्होल्ट, ज्याकडे डॉक्टर पाहणारही नाही. पण हा आकडा कितीही मोठा असला तरी एक चोरवाट राहते. डाव्या हाताचा क्लॅम्प जेल लावून नीट बसवला आणि उजव्या हाताचा कोरडाच लावला, तर सारखा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोचण्याआधीच वेगवेगळा झालेला असतो, आणि तो फरकच असल्याने ॲम्प्लिफायर इमानदारीने वाढवून दाखवतो. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या कातडीवर जाड, केसाळ पट्टी उमटली की तंत्रज्ञ आधी यंत्र नाही, क्लॅम्प बघतो, ते योग्यच आहे. व्हॉल्व्हचा एक फायदा इथे होता. त्याची ग्रिड जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, त्यामुळे संपर्कातली ही असमानता तिला कमी बाधते.

फरक मोजण्याने एक जुना वादही निकालात काढला होता. 1957 साली वेंगर आणि बागची हे दोन संशोधक मोजमापाची यंत्रं घेऊन भारतभर योग्यांना भेटत फिरले, त्यांच्या मुक्कामांत लोणावळ्याचं कैवल्यधामही होतं. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांवरचा त्यांचा लेख बी. के. आनंद यांच्यासह 1961 साली आला. श्वास रोखून छाती-पोटाचे स्नायू आवळल्यावर नाडी हाताला लागेनाशी होते, स्टेथोस्कोपलाही ठोके ऐकू येत नाहीत, पण ईसीजीची लाट चालूच होती.

आपल्याकडे हेच तत्त्व रुग्णालयापेक्षा सप्ताहाच्या मंडपात जास्त भेटतं. कीर्तनकाराच्या मायकपासून मिक्सरपर्यंतची पंचवीस-तीस मीटरची केबल रोषणाईच्या वायरींना खेटून जाते, तरी गुणगुण ऐकू येत नाही, कारण त्या तीन पिनांच्या केबलमध्ये दोन तारा एकमेकींना पिळलेल्या असतात आणि मिक्सर त्यांच्यातला फरकच घेतो. स्वस्तातली दोन तारांची केबल लावली की हार्मोनियमआधी एमएसईबीचा सूर लागतो. घराच्या मीटरजवळचा आरसीसीबीही फेज आणि न्यूट्रल यांच्या प्रवाहातला फरकच पाहतो. सहसा 30 मिलिअँपिअर फरक पडला की तो पडतो, आणि माणूस वाचतो.

वर्कशॉपमध्ये मात्र अजून एक घातक सवय दिसते. इन्व्हर्टर किंवा पंपाच्या ड्राइव्हमध्ये अशा दोन बिंदूंमधलं व्होल्टेज बघायचं असतं, ज्यांतला एकही अर्थला नाही. सीआरओच्या प्रोबची काळी क्लिप आतून अर्थला जोडलेली, ती तिथे लावली की शॉर्ट. म्हणून मंडळी सीआरओच्या प्लगची अर्थ पिनच काढून टाकतात. लाट दिसते, पण आता सीआरओची सगळी धातूची पेटी त्या बिंदूच्या व्होल्टेजवर जाते, कधी तीन-चारशे व्होल्टवर. हे कुणीही, कधीही करू नये. अशा कामासाठी डिफरन्शियल प्रोब मिळते, किंवा दोन चॅनेल घेऊन एकातून दुसरा वजा करायचा. टाइप जीसारखे डबे हेच सुरक्षितपणे करत होते.

भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूत 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली, तोवर पश्चिमेत ट्रान्झिस्टर पुढे सरकला होता. 1968 साली 741 हा ऑपॅम्प आला. त्याच्या इनपुटला तीच जोडी, तीच शेपटी, फक्त सिलिकॉनमध्ये. एकाच तुकड्यावर, एकाच तापमानाला शेजारीशेजारी घडलेले ट्रान्झिस्टर जन्मतःच जवळजवळ जुळे असतात, हा सिलिकॉनचा खरा विजय. आज बीडमधला विद्यार्थी प्रोजेक्टसाठी एडी620 विकत आणतो, आठ पायांच्या त्या चिपला 100 डेसिबल, म्हणजे 1,00,000 चा सीएमआरआर बसल्या जागी मिळतो, आणि कुठलाही प्रीसेट फिरवावा लागत नाही. सोय उत्तम आहे. पण सारखेपणा कमवावा लागतो हे त्या चिपकडे पाहून कळत नाही.

म्हणून एक विनंती, विशेषतः तंत्रनिकेतनं आणि महाविद्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागांना. डेडस्टॉक रजिस्टरवर एखादा व्हॉल्व्हचा सीआरओ असेल, तर निर्लेखनाच्या यादीत टाकून तो किलोच्या भावाने भंगारात घालू नका. वर्षानुवर्षं बंद असलेली पेटी थेट 230 व्होल्टला लावू नका. डिमरस्टॅटवर हळूहळू चढवा, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही मारक चार्ज उरतो हे मुलांना आधी सांगा. टेक्ट्रॉनिक्सची पेटी असेल तर आतल्या चिनीमातीच्या पट्ट्यांवर साधं सोल्डर वापरू नका. त्या खाचांमधला चांदीचा थर साध्या सोल्डरमध्ये विरघळून निघून येतो, म्हणून कंपनी चांदीमिश्रित सोल्डरची छोटी गुंडाळी पेटीतच ठेवत असे. मग दोन्ही इनपुट एकत्र जोडून त्यांना एक व्होल्टचा 50 हर्ट्झ द्या आणि पडद्यावर किती उरतं ते मोजा. शेजारी एडी620 वर तेच मोजा. दोन आकडे जर्नलमध्ये शेजारीशेजारी लिहायला लावा, तेवढा एक तास अभ्यासक्रमात नक्की बसतो.